गॅस संपत नसतो, तो गळतो
समुद्रकाठच्या घरातील एसीची निगा

डहाणू तालुक्यातले वरोर हे समुद्राला लागून असलेले गाव. वाणगाव स्टेशनला उतरायचे आणि चिंचणीच्या बाजूने किनारा गाठायचा. होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि संध्याकाळी सुटणारा खारा वारा. माझ्या खालाचे घर या वाऱ्याच्या वाटेवरच आहे. गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन आठ दिवस तिच्याकडे राहिले.

नानी खालाकडेच असते. वय ऐंशीच्या पुढे आणि दमा जुना. तिला उन्हाळा सोसवत नाही म्हणून खालूंनी चार वर्षांपूर्वी तिच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला. पण मी गेले त्या रात्री एसीचा आकडा १८ वर होता, यंत्र घरघरत होते आणि नानी मात्र पलंगावर उठून बसली होती. खोलीत गारवा नव्हताच, उलट एक कुबट वास होता.

"गॅस संपला असेल," खाला म्हणाली. "गेल्या वर्षी दोनदा भरला, यंदा मार्चमध्येही भरला. या हवेत गॅस टिकतच नाही म्हणतात."

दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस! मला फ्रिज आठवला. आपल्या घरचा फ्रिज दहा-दहा वर्षे चालतो, त्यात दरवर्षी कोण गॅस भरतो? एसीही त्याच तत्त्वावर चालतो. त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरत राहतो. तो कमी झाला, तर याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक पडले आहे. भोक न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

मिठाने खाल्लेली जाळी

दुसऱ्या दिवशी खालूंनी डहाणूहून एका वयस्कर कारागिराला बोलावले. त्यांनी गॅसचे सिलिंडर बाहेर काढलेच नाही. आधी आतल्या यंत्राचे झाकण उघडले आणि गाळणी, म्हणजे फिल्टर, बाहेर काढला. त्यावर धुळीची गोधडी बसली होती. खालाने ती गाळणी चार वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. मला हसायचा हक्क नव्हता. ठाण्याला माझ्या घरची तरी मी कधी उघडली होती?

मग ते पश्चिमेच्या भिंतीवर लावलेल्या बाहेरच्या यंत्राकडे गेले. मागची पातळ पत्र्यांची जाळी त्यांनी नखाने जरा खरवडली, तर भिजल्या पापडासारखी ती सुटून आली. खाली पांढरी भुकटी पडली. त्यांनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला आणि सांध्यांवर, वळणांवर साबणाचा फेस लावला. खालच्या कोपऱ्यात एका जागी बारीक बुडबुडे येऊ लागले.

"चाची, गॅस तीनदा भरला," ते म्हणाले, "भोक एकदाही शोधलं नाही."

हे का घडले? बाहेरच्या यंत्रात तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बसवलेले असतात. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ त्यांवर बसते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी असे एकत्र आले की त्यातला ॲल्युमिनियम झिजू लागतो. पत्रे झडले की उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी होते. मग यंत्र जास्त वेळ चालते, बिल वाढते. पुढे नळीलाही भोक पडते. ही गोष्ट फक्त वरोरची नाही. मुरुड, रत्नागिरी, मालवण, मुंबईचा वर्सोवा, जिथे समुद्र घराजवळ आहे तिथे हेच होते.

दीड टन म्हणजे किती?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एसीचा 'टन' हे यंत्राचे वजन नव्हे. तो शब्द बर्फाच्या धंद्यातून आला आहे. एक टन (अमेरिकी माप, सुमारे ९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता एक टनाचा एसी एका दिवसात खोलीबाहेर काढतो. म्हणजे नानीच्या खोलीतल्या यंत्राचे काम दिवसाला सुमारे १,३६० किलो बर्फाइतके. मासे टिकवण्यासाठी बर्फ लागणाऱ्या गावात हे कुणालाही पटकन समजेल.

एवढी उष्णता जायला वाट मोकळी हवी. आत गाळणी धुळीने बंद आणि बाहेर जाळी मिठाने बंद, अशा यंत्राकडून गारव्याची अपेक्षा करणे म्हणजे नाकतोंड दाबून माणसाला पळायला सांगणे.

घरच्या घरी काय करावे

गाळणीची सफाई घरातली कोणीही करू शकते. एसी बंद करा, मुख्य बटण म्हणजे एमसीबीही खाली करा. झाकण उचलून गाळणी काढा, नळाखाली किंवा कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत बसवा. उन्हात ठेवली तर ती वाकते, ओली बसवली तर बुरशी धरते. एसी रोज चालत असेल तर पंधरा दिवसांनी एकदा हे करावे. दहा मिनिटांचे काम आहे.

बाहेरचे यंत्र जमिनीवरून हाताला येत असेल, तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा एमसीबी बंद करून जाळीवर साध्या नळीने हलके गोडे पाणी सोडा. गोडेच पाणी हवे. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते. ते वापरले तर मीठ धुण्याऐवजी आणखी मीठ चढेल. जोराचा फवारा मारू नका, पत्रे वाकतात. यंत्राचे पॅनेल उघडू नका. आतला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो आणि जोराचा झटका देऊ शकतो. यंत्र वरच्या मजल्यावर, भिंतीबाहेर असेल तर वाकून धुण्याचे धाडस मुळीच करू नका.

पावसाळ्यात अनेकजण बाहेरचे यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. त्याने पाऊस थांबतो, पण ओलावा आणि मीठ आतच कोंडते. यंत्र पाऊस सोसण्यासाठीच बनवलेले असते. त्यापेक्षा पावसाच्या आधी आणि नंतर ते स्वच्छ धुऊन घ्या.

कारागीर आल्यावर काय विचारावे

वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग करावी. एकदा उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि एकदा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. खाला ईदच्या साफसफाईबरोबर एसी साफ करून घ्यायची. सवय चांगली, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि उन्हाळा तिथेच राहतो. म्हणून एसीचे वेळापत्रक ऋतूवर बांधा.

आतली आणि बाहेरची कॉइल धुऊन घ्या. चकाकी आणण्यासाठी ॲसिड वापरू देऊ नका. पाणी निघून जायची नळी साफ आहे ना ते पाहा. ती तुंबली की आतल्या यंत्रातून पाणी भिंतीवर ओघळते. कॉइलवर बर्फ साचत असेल तर हवा अडली आहे किंवा गॅस कमी आहे. अशा वेळी एसी बंद करून कारागिराला बोलवा.

कोणी "गॅस कमी आहे" म्हटले, तर शांतपणे तीन गोष्टी विचारा. गळती कुठे आहे? ती बुजवली का? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढणार का? आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायला सांगा. किती आणि कोणता गॅस लागतो ते यंत्राच्या पट्टीवर छापलेले असते. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. एवढे सगळे करायला वेळ लागतो, तेव्हा त्याच्या मेहनतीचे दामही पुरते द्या. घाईची आणि स्वस्तातली सर्व्हिसिंगच पुढे महाग पडते.

गळती फक्त आपल्या खिशाची बाब नाही. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनच्या थराला बाधा आणतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने हद्दपार होतो आहे आणि २०२५ पासून भारतात नव्या यंत्रांच्या निर्मितीत त्याचा वापर बंद झाला आहे. आज नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सहाशे पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर सहज पेटतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ विडी-काडी नको.

वीज आणि हवा

एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग हवेच. पंख्याच्या किंवा मोबाइलच्या बोर्डावरून एसी चालवू नये. प्लग गरम लागत असेल, काळवंडला असेल, जळका वास येत असेल तर त्याच क्षणी बंद करा. आगीची सुरुवात अशीच होते. वीज गेली आणि आली तर तीन-चार मिनिटे थांबून मगच एसी सुरू करा.

आकडा १८ वर नेल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले नवे घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे याच संस्थेने सांगितले आहे. २४ ते २६ अंश आणि मंद पंखा, एवढ्यात झोप छान लागते.

साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. गाळणीत धूळ आणि कॉइलवर बुरशी असेल तर तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात जाते. दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो. सकाळी तासभर खिडक्या उघडा, गादीवर ऊन येऊ द्या.

खालाच्या एसीची बाहेरची कॉइल अखेर बदलावी लागली. तीन वेळच्या गॅसच्या पैशांत तिचा बराचसा खर्च निघाला असता. कारागिराने यंत्र पश्चिमेच्या भिंतीवरून उत्तरेच्या आडोशाला हलवून दिले.

त्या रात्री आकडा २५ वर होता. नानी इशाची नमाज पढून झोपली ती फज्रलाच उठली. निघताना मी खालाच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पेन्सिलने गोल केले. "हे काय?" तिने विचारले. मी म्हटले, "गाळणी." ठाण्याला परतल्यावर बॅगा उघडायच्या आधी मी माझ्या घरची गाळणी काढली. तिच्यावरही गोधडीच होती.