श्रद्धा आणि शोक : दोन कवयित्रींची साक्ष

ख्रिस्ती माणसाने आपला शोक उघड करावा की नाही, हा प्रश्न तिगावसारख्या लहान गावीही मरणाच्या घरी आम्हांस विचारला जातो. अश्रू म्हणजे अविश्वास, असे काही भाविकांस वाटते. दोन कवयित्रींची साक्ष मात्र याउलट आहे.

ॲन ब्रॅडस्ट्रीट ही प्युरिटन स्त्री १६३० साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला गेली. १६६६ च्या जुलैत तिचे घर जळाले. त्यावरील कवितेत, देवाने आपलेच देणे परत नेले, असे ती प्रथम म्हणते. तरीही त्या जागेवरून जाताना पेटी, मेज आणि अतिथींचा सहवास तिला आठवतो. मग ती स्वर्गीय घराकडे वळते. परंतु मधला विलाप ती गाळीत नाही.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) उदाहरण आहे. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्या विरहात लक्ष्मीबाईंनी दुःखाची पद्ये रचली. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. तथापि ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना पूर्वीच्या संतापावर त्यांनी पडदा टाकला नाही. टिळक १९१९ मध्ये निवर्तल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले.

स्तोत्रकर्त्यानेही देवापुढे आक्रोश केला. लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू रडला. म्हणून शोकाकुलास गप्प करणे हे पाळकाचे काम नव्हे, असे आम्ही मानतो. त्याचा विलाप आधी ऐकावा, मग त्याच्यासह प्रार्थना करावी.