नंदुरबारला काय पाहाल, काय खाल?

‘नंदुरबारला पाहण्यासारखं काय आहे हो?’ असं आपल्याला नेहमी विचारतात. आपण उलट विचारायचं : येणार केव्हा?

पावसाळ्यात तोरणमाळ. यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी तेव्हाच पाहावी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. थंडीत नंदुरबारजवळ मिरचीच्या लालभडक पथारी दिसतात. ज्वारीची भाकरी आणि ठेचा तिथेच खावा. उन्हाळ्यात धडगावकडे अंगणाअंगणात कैरीच्या फोडी वाळतात. त्याचंच आमचूर. ते त्याच घरातून घ्या, म्हणजे पैसा तिथेच राहतो.

आणि होळी? काठीची होळी रात्रभर ढोल वाजल्यावर पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे बांधून नाचणारे लोक आपल्या करमणुकीसाठी नाचत नसतात. त्यांचा नवस असतो, त्यासाठी ते कडक पाळणी पाळतात. म्हणून फोटो काढण्याआधी विचारावं. आपण तिथे दुसऱ्याच्या देवकार्यात पाहुणे असतो.

परतताना नंदुरबारच्या माणिक चौकात थांबू. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी इथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहू.