लुनाच्या पेट्रोलात ऑइल किती?

आरमोरीकडे कुणाच्या पडवीत जुनी लुना उभी असली, की एक सल्ला हमखास ऐकू येतो: पेट्रोलात ऑइल जरा जास्तच टाका, इंजिन टिकतं. सल्ला आपुलकीचा, पण चुकीचा.

लुना 1972 साली एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडवर बेतलेली, 50 सीसीची. शिवाय पायडल होतेच. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी हाणत घर गाठायचं.

लुनाचं इंजिन टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे दोन गिअर किंवा दोन पिस्टन नव्हेत. पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला (ही प्रत्येक धाव म्हणजे एक स्ट्रोक), की कामाचं एक चक्र पुरं होतं. फोर-स्ट्रोकला याच्या दुप्पट धावा लागतात. टू-स्ट्रोकमध्ये झडपांचा पसारा नसल्याने इंजिन हलकं राहतं. मात्र पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून (क्रँक फिरतो ती बंद पेटी) जातं. तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलातच मिसळावं लागतं.

ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, ही भीती खरीच. जास्त झालं, तर कंदिलाची वात नको तितकी वर केल्यासारखं होतं: उजेड वाढत नाही, काच तेवढी काळी. प्लगच्या टोकावर ओलसर काजळी धरते, सायलेन्सर तुंबतो, चढावर गाडी दम टाकते. मग प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, गाडी पुन्हा सुरू करा.

लिटरला साधारण 20 ते 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल पुरतं. नेमकं प्रमाण गाडीच्या पुस्तिकेतलं पाळावं. फोर-स्ट्रोकचं उरलेलं ऑइल मात्र यात ओतू नये.