टोकन-व्ययाची परवानगी : तिचे परीक्षण व रद्दीकरण

कुलमुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याच्या मनात पुष्कळदा एखादेच काम असते. परंतु ते काम उरकले म्हणून ते पत्र आपोआप रद्द होत नाही. इथेरियम या सामायिक खातेवहीवर टोकनांचे व्यवहार करणाऱ्यांच्या बाबतीत अशीच स्थिती उत्पन्न होते. गुप्त किल्ली आपल्या हाती आहे तोवर आपले धन सुरक्षित आहे, असा त्यांचा समज असतो. हा समज अपुरा का आहे व त्यावर उपाय कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

टोकनांच्या रचनेचा रूढ नमुना ‘ईआरसी-२०’ या नावाने ओळखला जातो. फाबियान फोगेलस्टेलर व विटालिक ब्युटेरिन यांनी तो नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडला. या नमुन्यानुसार टोकने वस्तुतः वॉलेटमध्ये नसतातच. कोणाच्या खात्यावर किती टोकने आहेत, याची नोंद त्या टोकनाची आज्ञावली ठेवते. त्याच आज्ञावलीत आणखी एक नोंद असते : कोणाच्या खात्यातून कोणी, किती टोकने उचलावीत. ‘अप्रूव्ह’ या आज्ञेने मालक ही परवानगी देतो, ‘अलाउन्स’ने ती तपासता येते, आणि ‘ट्रान्सफरफ्रॉम’ने परवानगीधारक टोकने उचलतो. टोकनांची अदलाबदल करणाऱ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे काम या सोयीवाचून चालत नाही. तेव्हा परवानगी देणे हा दोष नव्हे. ती अमर्याद ठेवणे व विसरून जाणे, हा दोष होय.

प्रत्येक परवानगीच्या नोंदीस शुल्क पडते. ते वारंवार पडू नये म्हणून पुष्कळ संकेतस्थळे एकदाच शक्य तेवढ्या मोठ्या, म्हणजे ७८ अंकी, संख्येची परवानगी मागतात. व्यवहारात ती अमर्यादच ठरते. आज खाते रिकामे असले, तरी पुढे त्यात येणारी त्या जातीची टोकनेही तिच्या कक्षेत येतात. संकेतस्थळापासून वॉलेट ‘डिस्कनेक्ट’ केल्याने ती नोंद पुसली जात नाही. किल्ली स्वतंत्र उपकरणात ठेवल्यानेही नाही. कारण परवानगीधारकास त्या किल्लीची गरजच उरलेली नसते.

यातून होणारी हानी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात परवानगी मागणाराच लबाड असतो. बॅजरडाओ या प्रकल्पाच्या संकेतस्थळात नोव्हेंबर २०२१ मध्ये परक्या व्यक्तीने आपली आज्ञावली घुसडली व नित्याच्या व्यवहारांच्या ओघात सभासदांकडून परवानग्या मिळविल्या. त्यांचा मोठा वापर २ डिसेंबर २०२१ रोजी झाला आणि सुमारे १२ कोटी डॉलरांची मत्ता गेली. कोणाचीही गुप्त किल्ली चोरावी लागली नाही. दुसऱ्या प्रकारात परवानगीधारक प्रामाणिक, पण सदोष असतो. एप्रिल २०२३ मध्ये सुशीस्वॅपच्या एका नव्या कॉन्ट्रॅक्टमधील उणिवेमुळे त्याला दिलेल्या परवानग्या तिऱ्हाइतांना वापरता आल्या व सुमारे ३३ लाख डॉलरांचे नुकसान झाले. म्हणून ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याला दिलेली परवानगीही तपासणीतून वगळू नये.

परीक्षणाची रीत सोपी आहे. परवानग्यांची नोंद सार्वजनिक असल्याने इथरस्कॅनची परवानगी-तपासणी किंवा रिव्होक.कॅश यांसारख्या साधनांत आपल्या खात्याचा पत्ता घातला असता यादी दिसते. प्रत्येक नोंदीत टोकन कोणते, परवानगीधारक कोण व मर्यादा किती, या तीन गोष्टी पाहाव्यात. परवानग्या प्रत्येक साखळीवर वेगळ्या असतात. ज्या ज्या साखळीवर व्यवहार केला, तेथे तेथे पाहणी करावी. अनोळखी परवानगीधारक, अमर्याद रक्कम व संपलेले काम यांपैकी काहीही आढळल्यास ती परवानगी रद्द करावी. रद्द करणे म्हणजे ‘अप्रूव्ह’ हीच आज्ञा शून्य रकमेसह पुन्हा देणे; त्यासही शुल्क पडते. परवानगी १०० वरून ५० वर आणावयाची असल्यास आधी ती शून्य करावी आणि मधल्या काळात जुनी परवानगी वापरली गेली नाही, याची खात्री करून मगच नवी द्यावी. अन्यथा बदल नोंदला जाण्यापूर्वी १०० व नंतर आणखी ५० उचलण्यास वाव राहतो.

या उपायाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. गेलेली टोकने रद्दीकरणाने परत येत नाहीत. गुप्त किल्लीच फुटली असेल, तर त्याचा उपयोग नाही. तेथे उरलेली मत्ता नव्या खात्यात हलवावी लागते. ‘परमिट’ या पद्धतीत शुल्कावाचून, केवळ स्वाक्षरीने परवानगी देता येते, व ती खातेवहीवर सादर होईपर्यंत यादीत दिसत नाही. म्हणून स्वाक्षरीचा मजकूर वाचल्याखेरीज ती करू नये. परवानग्या रद्द करून देण्याच्या मिषाने उभारलेली बनावट संकेतस्थळेही असतात. त्यांचा पत्ता तपासून घ्यावा, आणि गुप्त किल्ली अथवा बीजशब्द कोणी मागितल्यास तेथेच थांबावे.

सारांश, किल्ली जपणे हे संरक्षणाचे अर्धे अंग होय. कामापुरतीच परवानगी देणे व काम संपताच ती परत घेणे, हे दुसरे अर्धे अंग होय. आणि ते सर्वस्वी मालकाच्याच हाती असते.