नुसतं ‘वजन कमी करा’ म्हणून भागत नाही. डॉक्टर आधी काय विचारतात?

नाशिक : दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या गावांत आशाताई ३० वर्षांपुढच्यांचा फॉर्म भरताना कमरेचा घेरही विचारतात. बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला, तर डॉक्टरांना दाखवलेलं बरं. पण ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून काही जण जातच नाहीत आणि तोवर शुगर, बीपी वाढून बसतं.

खरं तर चांगला सल्ला रागावण्यापासून नाही, विचारण्यापासून सुरू होतो. दिवसभरात काय खाता, झोप किती, काम कसलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? कारण काही गोळ्यांनी आणि थायरॉइडच्या त्रासानेही वजन वाढतं.

मग डॉक्टर झेपेल असं उद्दिष्ट देतात. ९० किलोच्या माणसाने साडेचार किलो, म्हणजे ५ टक्के वजन उतरवलं तरी शुगर-बीपीत फरक पडतो. सुरुवात चहापासून करता येते. दोन-दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला साधारण ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी.

शुगरची गोळी चालू असेल तर मनाने कडक उपवास धरू नका. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. गोळी मनाने बंदही करू नका. दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.