कलासंबद्ध लेसर प्रकाश आणि प्रकाशतंतूतील दोषस्थान
अहिल्यानगर ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर आहे. अशा मार्गालगत पुरलेला प्रकाशतंतू तुटल्यास नेमके कोठे खणावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. तंतूत सोडलेल्या प्रकाशस्पंदाचा अल्पांश रॅली प्रकीर्णनाने सतत मागे येतो. काचेतील प्रकाशवेग सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर असल्याने जाण्यायेण्याच्या प्रत्येक मायक्रोसेकंदास १०० मीटर अंतर पडते. तुटीपाशी हा प्रकाश एकाएकी संपतो.

परंतु हे अंतर तंतूवरचे असते, भूमीवरचे नव्हे. सांध्यांपाशी राखलेल्या वेटोळ्यांमुळे दोहोंत फरक पडतो. येथे कलासंबद्ध लेसर उपयोगी पडतो. स्पंदाने व्यापलेल्या तंतुखंडातील निरनिराळ्या बिंदूंकडून परतणाऱ्या तरंगांचे व्यतिकरण होते. विस्तृत वर्णपटाच्या प्रकाशात ते पुसले जाते. कलासंबद्ध प्रकाशात मात्र टिकते. त्यामुळे तंतूची लांबी तरंगलांबीच्या अंशाने बदलली, तरी परतीच्या प्रकाशाची तीव्रता व कला बदलतात. म्हणून तुटीच्या अलीकडे, तंतूवरील जमिनीवर घणाचा ठोका दिला असता त्याची खूण तंतूच्या नेमक्या अंतरावर उमटते. ठोक्याची जागा डोळ्यांसमोर असल्याने तेथून तुटीपर्यंतचे थोडके अंतरच मोजावयाचे उरते, आणि खणण्याचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित होते.