झडीतली मिसिंग

पावसाची झड लागली की वर्ध्याकडची जुनी पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० सकाळी लवकर स्टार्ट होत नाही आणि झालीच तर मिसिंग करते. दुपारी ऊन पडलं की तीच गाडी सुरळीत. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून टाकी रिकामी होते, कार्ब्युरेटर खोलला जातो, प्लग बदलतात; पुढच्या झडीत पुन्हा तेच. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कधी अडते हे विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

नवतपात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना सेलूच्या पुढे पद्मिनी बंद पडली, तर संशय आधी गाडीतल्या पेट्रोल पंपावर घ्यावा. तिथे पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते अगदी योग्य होतं. कॉइल आणि कंडेन्सरही तापल्यावर दगा देतात. पण ओलीत अडणारी आणि उन्हात सुधारणारी गाडी असेल तर पहिल्यांदा डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, कॅप उघडावी.

कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून पंधरा-वीस हजारांवर नेते. तो करंट कॅपच्या मधल्या कार्बनमधून रोटरवर येतो आणि रोटरच्या टोकावरून समोरच्या धातूच्या टोकावर उडी घेतो. दोन्ही टोकं एकमेकांना टेकत नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर अशा उड्या मिनिटाला ६००० होतात. प्रत्येक ठिणगीबरोबर धातू थोडा झिजतो, फट वाढते. ठिणगीमुळे कॅपमधल्या हवेत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ओल मिळाली की त्यांचं आम्ल होऊन टोकांवर थर चढतो. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ. दमट धुळीतून करंटला आडवाट सापडते, तिथला पृष्ठभाग जळून कोळसा होतो. कोळशातून वीज वाहत असल्याने ती वाट दरवेळी पक्की होत जाते.

तपासायला इंजिन बंद करून कॅप उतरवा आणि उजेडात तिरपी धरा. आतल्या बाजूला झाडाच्या मुळांसारख्या फाटे फुटलेल्या काळ्या रेघा दिसतात का पाहा. कोरड्या फडक्याने धूळ निघते, जळालेली रेघ निघत नाही. मधला कार्बन बोटाने दाबला की स्प्रिंगने परत वर आला पाहिजे. रोटरवरही चीर शोधा. मल्टिमीटरवर विसंबू नका. त्याच्या थोड्याशा व्होल्टला ओलांडता न येणारी चीर वीस हजार व्होल्ट सहज ओलांडतात. त्यापेक्षा रात्री बॉनेट उघडून, हात लांब ठेवून, चालू इंजिन अंधारात पाहा. कॅपच्या किंवा वायरींच्या बाहेरून निळसर ठिणग्या सरकताना दिसल्या, तर करंट तिथूनच गळतोय.

टोकं पॉलिश पेपरने घासून चमकवण्याची पद्धत मला पटत नाही. थर जातो, पण फट आणखी वाढते. चरे पडले असतील तर कॅप आणि रोटर दोन्ही बदलावेत. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल धुरात जातं आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करणाऱ्यांना हे फार महागात पडतं.

नवी कॅप जुनीच्या शेजारी धरून वायरी एकेक करून हलवा. पद्मिनी आणि अँबेसिडरचा फायरिंग क्रम १-३-४-२, तीन सिलिंडरच्या मारुतीचा १-३-२. नव्या कॅपवरही थोड्याच दिवसांत रेघा उमटल्या, तर प्लगचा गॅप आणि हायटेन्शन वायरी तपासा. गॅप जास्त झाला किंवा वायर आतून तुटली, की प्लगपर्यंत पोचायला करंटला जास्त दाब लागतो आणि तो कॅपमधूनच दुसरी वाट काढतो.